जिमखान्याची फी आणि स्टेडियमचं कर्ज

जून-जुलैत प्रवेशाची पावती हातात पडली की बीडमधले पालक एक प्रश्न हमखास विचारतात. शिकवणी, ग्रंथालय, प्रयोगशाळा, ओळखपत्र अशा रांगेत कुठंतरी ‘जिमखाना’ किंवा ‘क्रीडा शुल्क’ लिहिलेलं असतं. पोरगा कॉलेजकडून कबड्डी खेळतो, पण बूट घरूनच घ्यावे लागतात. मग ही फी घेतात कशाला?

दुसरा प्रश्न मोबाइलवर बातम्या वाचणाऱ्या पोरांचा. अमेरिकेत एका विद्यापीठानं फुटबॉलच्या कोचला काढून टाकलं आणि काढताना त्याला सहाशे कोटी रुपयांच्या वर देणं मान्य केलं. त्याच देशात विद्यापीठांचे क्रीडा विभाग कर्जात बुडालेत, असंही वाचायला मिळतं. यातलं खरं काय?

दोन्ही खरं आहे. आधी घरचा हिशेब पाहू, मग तिकडचा.

1. पावतीवरचे शंभर रुपये

बीड जिल्ह्यातली कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे या विद्यापीठाचे चार जिल्हे. क्रीडा शुल्कातला काही भाग कॉलेजकडं राहतो आणि काही विद्यापीठाला जातो. विद्यापीठ त्यातून निवड झालेल्या संघांची शिबिरं घेतं, संघ बाहेर पाठवतं. कॉलेजनं आपल्या वाट्यात वर्षभराचा खेळ भागवायचा असतो.

आता एक काल्पनिक कॉलेज घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, कुण्या एका कॉलेजचे नाहीत. विद्यार्थी 1,200, क्रीडा शुल्क माणशी 100 रुपये, त्यातले 40 विद्यापीठाचे. कागदावर जमा झाले 1,20,000. विद्यापीठाला गेले 48,000. उरले 72,000. इथपर्यंत ठीक दिसतं.

पण बाराशेतल्या पाचशे मुलांची फी शिष्यवृत्तीतून यायची आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत शिकवणी आणि ग्रंथालयाच्या जोडीनं खेळाची सक्तीची फीसुद्धा धरलेली आहे. नियम चांगला आहे. मुलानं प्रवेशाच्या वेळी पैसे भरायचे नाहीत, सरकारकडून येतील. ते कधी कॉलेजच्या खात्यात येतात, कधी थेट विद्यार्थ्याच्या. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, कॉलेजची पडताळणी, समाजकल्याणची पडताळणी, मग निधी, असा तो प्रवास. खेळाचा हंगाम मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतो आणि पोर्टलसाठी थांबत नाही.

म्हणजे हातात रोख आली ती उरलेल्या 700 मुलांची, 70,000 रुपये. विद्यापीठाचा हिस्सा सगळ्या बाराशेंचा भरायचा असेल, तर 48,000 गेले. शिल्लक 22,000.

आता कबड्डीचा संघ काढा. बारा खेळाडू आणि एक संघ व्यवस्थापक. खेळाडूंना जर्सी-शॉर्ट प्रत्येकी 800, म्हणजे 9,600. संभाजीनगरला जाऊन यायचं भाडं माणशी 400 धरलं तर तेरा जणांचे 5,200. तीन दिवसांचं जेवण-चहा रोज 250 प्रमाणे 9,750. बेरीज 24,550. एकाच संघात गंगाजळी आटली आणि वर अडीच हजार अंगावर आले. खो-खो, व्हॉलीबॉल, कुस्ती, मैदानी खेळ, मुलींचे संघ यांचं अजून नावही काढलेलं नाही.

तरी संघ जातात. दरवर्षी जातात. मधला पैसा कुणीतरी घातलेला असतो.

2. पगार सरकारचा, चेंडू कुणाचा

अनुदानित कॉलेजात शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक हे पद असतं आणि त्याचा पगार शासनाच्या वेतन अनुदानातून होतो. क्रीडा विभागावरचा सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि तो कॉलेजच्या खिशातून जात नाही. म्हणून आपल्याकडं अनेकांना वाटतं की खेळाला सरकार भरपूर देतं. सरकार माणसाचा पगार देतं. त्या माणसाच्या हातात शिट्टीपलीकडं काय असावं, हे जिमखान्याच्या फीवर आणि संस्थाचालकांच्या मर्जीवर ठरतं. शिवाय अनेक कॉलेजांत संचालक निवृत्त झाले आणि जागा रिकामीच राहिली. मग इतिहासाचे किंवा मराठीचे सर जादा काम म्हणून जिमखाना सांभाळतात.

विनाअनुदानित कॉलेजात तर पगारही फीतूनच जातो. तिथं चेंडूचा प्रश्न फार पुढचा.

पूर्वी विद्यापीठ अनुदान आयोग पंचवार्षिक योजनांमधून कॉलेजांना क्रीडा सुविधांसाठी पैसे द्यायचा. मराठवाड्यात कुठल्याही जुन्या कॉलेजात इनडोअर हॉलच्या दाराशी संगमरवरी पाटी दिसली तर वाचून पाहा, आयोगाचं नाव सापडण्याची शक्यता बरीच. बारावी योजना 2017 साली संपली आणि पंचवार्षिक योजनांचा प्रकारच थांबला. हॉल उभे राहिले, पण त्यांच्या छताची गळती, फरशी, वीजबिल याची तरतूद कुठल्या योजनेत होती? कुठल्याच नाही.

एक गोष्ट गंमत म्हणून सांगतो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती कॉलेज तपासायला यायची तेव्हा क्रीडा सुविधा आणि विद्यार्थ्यांची पदकं यांनाही गुण असायचे. समिती यायच्या आठवड्यात मैदानावर ताजी फक्की पडायची, व्हॉलीबॉलच्या नेटची घडी मोडायची. नॅक दर महिन्याला आली असती तर मराठवाड्याचा खेळ बराच सुधारला असता, असं माझं प्रामाणिक मत आहे.

3. तसलमात

मधला पैसा कुणी घातला हे कळायला हा एक शब्द पुरे. खर्चासाठी आगाऊ उचलून नंतर बिलं देऊन जुळवायची रक्कम म्हणजे तसलमात. संघ निघण्याआधी क्रीडा संचालक अर्ज करतो. लेखापाल शिल्लक पाहतो, प्राचार्य सही करतात, पैसे मिळतात. परतल्यावर बिलं जोडून समायोजन करायचं. मागच्या तसलमातीचं समायोजन बाकी असेल तर नवी मिळत नाही. कागदावर ही पद्धत चोख आहे.

अडचण बिलात येते. लेखापरीक्षकाला पक्कं बिल लागतं. खेळाडू जेवतात मैदानाजवळच्या खानावळीत, आणि ती वहीच्या पानावर आकडा लिहून देते. एसटीचं तिकीट मशीनमधून निघतं ते थर्मल कागदावर. तो कागद पाकिटात दोन-तीन महिने राहिला की अक्षरं फिकट होत होत कोरा होतो. जुने क्रीडा संचालक म्हणून गावात उतरल्या उतरल्या तिकिटांची झेरॉक्स काढतात, आणि तेरा तिकिटं एका पानावर बसवायची कलाही त्यांना साधलेली असते. तरीही चार-दोन तिकिटं हरवतात. तेवढी रक्कम नामंजूर होते आणि सरांच्या खिशातून जाते.

बीड शहराला रेल्वे मिळाली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी, अहिल्यानगरच्या दिशेनं. तोवर जिल्ह्याच्या ठिकाणाहून कुठंही निघायचं तर एसटी नाहीतर भाड्याची जीप. संघाच्या खर्चात प्रवासाचा वाटा इतका मोठा का, त्याचं हे एक साधं कारण.

तसलमात मिळालीच नाही तर? मग सर आधी स्वतःचे घालतात. खेळाच्या सामानाचा दुकानदार उधारीवर जर्सी देतो आणि मार्चपर्यंत थांबतो. खेळाडूचा बाप बुटांसाठी कुणाकडं तरी हात पसरतो. हे सगळं कर्जच आहे, फक्त त्याला कर्ज म्हणत नाहीत. कॉलेजच्या ताळेबंदात ते दिसत नाही.

4. कॉलेजला कर्ज काढता येतं का

क्रीडा विभागाला स्वतःच्या नावावर येत नाही. कायद्याच्या नजरेत तो स्वतंत्र कुणी नाही. कॉलेज चालवते शिक्षण संस्था, आणि ती बहुधा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 मधलं 36अ कलम विश्वस्तांनी न्यासासाठी कर्ज काढण्यावर बंधनं घालतं, मग ते गहाण ठेवून असो की बिनगहाण.

हेतू न्यासाची मालमत्ता वाचवण्याचा आहे आणि तो रास्त आहे. परिणाम असा की वसतिगृहासाठी किंवा इमारतीसाठी एखादी संस्था एवढा खटाटोप करील, कबड्डीच्या मॅटसाठी कोण करणार? बँकही विचारील की मॅट परतफेड कशी करणार. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीला तिकीट नसतं. सामना पाहायला येतात ती समोरच्या संघाची पोरं, दोन-चार माजी खेळाडू आणि भेळवाला. ज्या गोष्टीतून उत्पन्न नाही, तिच्यावर कुणी कर्ज देत नाही. अमेरिकेतली गोष्ट बरोबर उलटी आहे. तिथं उत्पन्न दिसतं, म्हणून कर्ज मिळतं.

5. स्टेडियमवरची उचल

उचल म्हणजे काय हे बीडच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. हंगामाआधी मुकादम एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, आगाऊ पैसे देतो. मग दोघांनी कारखान्यावर जाऊन ऊस तोडून ते फेडायचे. ऊस चांगला असला, हंगाम लांबला, दुखणं आलं नाही, तर उचल फिटून वर काही उरतं. कारखाना लवकर बंद झाला तर बाकी पुढच्या साली. तोडणी अजून झालेली नाही, पैसे मात्र घरात येऊन खर्चही झाले. सगळी जोखीम या एका वाक्यात आहे.

अमेरिकी विद्यापीठांचे क्रीडा विभाग हेच करतात. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तिकिटं खपतील, देणगीदार देतील, टीव्हीवाले मोजतील, या भरवशावर आज रोखे काढून स्टेडियम बांधतात. रोखा म्हणजे गुंतवणूकदारांकडून घेतलेलं कर्ज, दरवर्षी व्याज आणि ठरल्या वेळी मुद्दल.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरातलं मेमोरियल स्टेडियम 1923 सालचं. ते भूकंपाच्या हेवर्ड भ्रंशावरच बसलेलं आहे, म्हणून त्याचं मजबुतीकरण टाळता येण्यासारखं नव्हतं. 2012 मध्ये ते नवं होऊन उघडलं. स्टेडियम आणि शेजारचं खेळाडूंचं प्रशिक्षण केंद्र मिळून कर्ज झालं सुमारे 44 कोटी 50 लाख डॉलर. डॉलरला 85 रुपये धरले तर पावणेचार हजार कोटींच्या घरात. फेडायची योजना अशी होती की चांगल्या जागांच्या खुर्च्यांचे हक्क श्रीमंत चाहत्यांना चाळीस-पन्नास वर्षांसाठी विकायचे, ते पैसे गुंतवायचे आणि त्यातून हप्ते भरायचे.

खुर्च्या अंदाजाएवढ्या खपल्या नाहीत. विक्री मंदीच्या काळात सापडली. संघही हरायला लागला, आणि हरणाऱ्या संघाची खुर्ची पन्नास वर्षांसाठी कोण घेईल? व्याज मात्र ठरलेल्या तारखेला द्यावंच लागलं. या कर्जाची मांडणी अशी आहे की मुद्दलाला हात 2032 मध्ये लागायचा आणि शेवटचा हप्ता पुढच्या शतकात जायचा. आज तिथं शिकणाऱ्या मुलांच्या नातवंडांनाही ते फिटलेलं दिसेल याची खात्री नाही. शेवटी 2018 मध्ये निम्म्याहून जास्त कर्ज विद्यापीठानं क्रीडा विभागाकडून स्वतःच्या अंगावर घेतलं. इथं ऊसतोडीशी साम्य संपतं. उचल घेतलेल्या कोयत्याची बाकी अंगावर घेणारं मागं कुणी नसतं.

6. एवढा पैसा येतो, मग तोटा का

येतो हे खरं. बिग टेन नावाच्या विद्यापीठांच्या गटानं 2022 मध्ये तीन टीव्ही वाहिन्यांशी सात वर्षांचा करार केला, 700 कोटी डॉलरहून मोठा. पण तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेत, एनसीएएत, सुमारे 1,100 कॉलेजं आहेत. 2019 मध्ये खेळातून मिळालेलं उत्पन्न खर्चापेक्षा जास्त भरलं ते त्यातल्या अवघ्या 25 जणांचं.

कारण पैसा दोनच खेळांत आहे, त्यांचा तो हेल्मेटवाला फुटबॉल आणि पुरुषांचा बास्केटबॉल. त्यांच्या कमाईतून पोहणं, कुस्ती, नौकानयन, मैदानी खेळ चालतात. आणि शेजारच्या विद्यापीठानं कोचला जास्त दिलं, मोठा पडदा लावला, की आपल्यालाही लावावा लागतो. थांबला तो मागं पडला. टेक्सास ए अँड एम विद्यापीठानं नोव्हेंबर 2023 मध्ये जिंबो फिशर या कोचला मुदतीआधी काढलं. कराराप्रमाणं त्याला साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणं लागत होतं. सुरुवातीची बातमी ती हीच.

ज्यांच्याकडं टीव्हीचा पैसा नाही ती लहान विद्यापीठं काय करतात? पावतीवर क्रीडा शुल्क लावतात. काही ठिकाणी ते वर्षाला माणशी हजार डॉलरच्या वर आहे, आणि भरणाऱ्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी चेंडूला लाथ मारलेली नसते. आपल्या शंभर रुपयांचीच ती थोरली आवृत्ती.

ताण वाढला की कुऱ्हाड पडते ती न कमावणाऱ्या खेळांवर. स्टॅनफर्डनं जुलै 2020 मध्ये 36 पैकी 11 खेळ बंद करायचं जाहीर केलं. कुस्ती त्यात होती. पुढच्या मार्चमध्ये त्यांचा पैलवान शेन ग्रिफिथ विद्यापीठाचं नाव नसलेला काळा पोशाख घालून आखाड्यात उतरला आणि राष्ट्रीय विजेता झाला. मे 2021 मध्ये विद्यापीठानं निर्णय मागं घेतला. अशी कुस्ती आपल्या मातीत झाली असती तर फेट्यांचा ढीग पडला असता.

अलीकडं खर्चात एक नवी ओळ आली आहे, खेळाडूंची. इतकी वर्षं शिष्यवृत्तीपलीकडं विद्यापीठाकडून त्यांना फारसं काही मिळत नव्हतं. 6 जून 2025 रोजी न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनुसार जुन्या-आजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे 280 कोटी डॉलर मिळायचे आहेत. शिवाय 2025-26 पासून विद्यापीठं थेट खेळाडूंत रक्कम वाटू शकतात; त्या पहिल्या वर्षी एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. न्याय म्हणून हे उशिरा झालं. क्रीडा विभागांच्या हिशेबात मात्र खड्डा वाढला, आणि तो भरायला पुन्हा फुटबॉलकडंच पाहायचं.

7. बीडचं कर्ज कुणाच्या नावावर

अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिनला राहिला, आणि धावपटू म्हणून घडला तो सैन्याच्या व्यवस्थेत. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3,000 मीटर स्टीपलचेसचं रौप्य, 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. त्याचे बूट, आहार, सराव, प्रशिक्षक यांचा खर्च आधी सैन्यानं आणि मग देशानं उचलला.

पाटोद्याचा राहुल आवारे कुस्तीत वाढला तो वडिलांच्या हाताखाली आणि मग पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार, पुढं काका पवार यांच्याकडं. 2018 चं राष्ट्रकुल सुवर्ण, 2019 चं जागतिक कांस्य. क्रिकेटपटू सचिन धस बीड शहरातला. फेब्रुवारी 2024 मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत 4 बाद 32 असताना त्यानं 96 धावा काढल्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या हातून सामना गेला.

तिघांच्याही वाटचालीत कॉलेजचा जिमखाना मुख्य ठिकाणी नाही. एकाला लष्करानं घडवलं, एकाला तालमीनं, एकाला घरानं. अमेरिकेत ऑलिम्पिकचे बहुतेक खेळाडू ज्या कॉलेजांतून येतात, त्या जागी आपल्याकडं मोकळी जागा आहे. ती जागा कुटुंब भरतं.

कुटुंब पैसा घालतं तो कशाच्या भरवशावर? पदकापेक्षा प्रमाणपत्राच्या. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पोलीस भरती किंवा तलाठ्याची जागा लागली तर चार वर्षांचा खुराक, बूट, भाडं सगळं वसूल. याच हिशेबातून मराठवाड्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणंही गाजली. परताव्याची घाई झालेल्यांनी मधला घामच गाळून टाकला. प्रामाणिक खेळाडूला त्याची शिक्षा अशी की आता त्याचं खरं प्रमाणपत्रही चार ठिकाणी पडताळलं जातं.

केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेच्या यादीत नाव आलं तर महिन्याला दहा हजार रुपये हातखर्च मिळतो आणि तो मुलाच्या खात्यात जातो. घरच्या ओझ्याला हा मोठा आधार आहे. पण त्या यादीपर्यंत पोचायची आधीची चार-पाच वर्षं कुणाच्याच योजनेत नाहीत.

8. हिशेब पाहायचा कुठं

पालकाला आपल्या शंभर रुपयांचा माग काढायचा असेल तर तीन ठिकाणं आहेत. पहिलं, कॉलेजची जिमखाना समिती. वर्षाच्या सुरुवातीला ती अंदाजपत्रक करते, आणि त्यात खेळनिहाय रक्कम आहे की एकच गठ्ठा आहे, हे विचारायला हरकत नाही. दुसरं, माहितीचा अधिकार. अनुदानित कॉलेजात जनमाहिती अधिकारी असतो. त्याच्याकडं ‘क्रीडा शुल्क जमा, विद्यापीठाला दिलेला हिस्सा, खर्च आणि शिल्लक’ एवढंच मागावं, तीन वर्षांचं. अर्ज जितका लांब, तितकं उत्तर मोघम येतं.

तिसरं ठिकाण धर्मादाय कार्यालय. संस्थेला दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब तिथं द्यावा लागतो. अनुसूची आठमध्ये ताळेबंद असतो आणि नऊमध्ये जमा-खर्च. ताळेबंदाच्या येणे बाजूला शिष्यवृत्तीची थकलेली फी दिसेल, आणि ती रक्कम मोठी असेल तर कॉलेज खेळाला पैसे नाहीत म्हणतं त्यात तथ्य आहे. ती लहान असेल आणि क्रीडा शुल्काची शिल्लक मात्र दरसाल पुढं ओढलेली असेल, तर बुटांचा प्रश्न प्राचार्यांना पुन्हा विचारावा. या वेळी सोबत कागद न्यावा.